एक्केचाळीस हजर

मी आज पदवीधर आहे तो कल्पना सोनवणे मॅडममुळे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. मॅडमचे उपकार मी चारचौघांत पुष्कळदा सांगितले आहेत. मी त्यांच्या बाबतीत काय केलं, ते मात्र कुठेच सांगितलेलं नाही.

मॅडमची हजेरी उलटी असे. बाकीचे शिक्षक आलेल्यांची नावं घेत. मॅडम वर्गात शिरताच विचारत, "कोण नाही?" मग न आलेला मुलगा कुठे आहे, का आला नाही, हे त्याच्या बाकावरच्याने सांगायचं. "समोर बसलाय त्याची काय काळजी करायची? तो बसलाय की," असं त्या म्हणत. त्या सटाण्याकडच्या. शिकवताना भाषा पुस्तकी, पण रागावल्या की मधूनच अहिराणी येई आणि आम्हाला हसू फुटे. गणितात उत्तर चुकलं तर त्या फारसं बोलत नसत. मधली पायरी गाळून कोणी उत्तर लिहिलं की वही परत यायची. "उत्तर कुठूनही आणशील रे. मधलं दाखव."

दिंडोरी तालुक्यातल्या आमच्या शाळेत त्या सात वर्षं विनाअनुदानित तुकडीवर होत्या. काम पूर्ण वेळ, नोकरी कच्ची. त्यांना कायम करण्याचा प्रस्ताव मुख्याध्यापक दर वर्षी पुढच्या वर्षावर ढकलत.

आम्ही दहावीत गेलो आणि टाळेबंदीमुळे शाळा मोबाइलमध्ये गेली. वर्गात आम्ही एक्केचाळीस. पहिल्या दिवशी पडद्यावर नऊ जण होते. मॅडमकडे फळा नव्हता. धान्याच्या कोठीच्या पत्र्यावर त्या खडूने लिहीत आणि फोन डब्यांच्या उतरंडीला टेकवून ठेवत. डबा सरकला की त्रिकोणाच्या जागी छताचा पंखा दिसे. आवाज मध्येच तुटे. आम्ही सगळे माइक बंद करून बसलेले असू, म्हणून त्या थोड्या थोड्या वेळाने विचारत, "कोणी शे का तिकडे?" मी घाईघाईने माइक चालू करून "आहे मॅडम" म्हणे. पुष्कळदा तेवढाच एक आवाज त्यांना ऐकू जाई.

माझ्याकडे मामाचा जुना फोन होता. आमच्या विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीच्या गच्चीवर रेंज मिळे. तिथे माझ्याबरोबर गोरख बसायचा. हे त्याचं खरं नाव नाही; खरं का लिहीत नाही ते पुढे कळेल. गोरख माझ्या बाकावरचा, गणितात माझ्यापेक्षा हुशार. दोघांत एक फोन आणि एक टोपी. दिवाळीपर्यंत तो आला. मग द्राक्षबागांत डिपिंग सुरू झालं. म्हणजे एकेक घड औषधाच्या मगात बुडवायचा. गोरख आईबरोबर त्या कामाला जाऊ लागला.

मॅडम रोज तास संपला की न आलेल्यांच्या घरी फोन लावत. ज्यांचे फोन लागत नसत, त्यांच्याकडे स्कूटीवरून जात. एकदा मला रस्ता दाखवायला घेऊन त्या गोरखच्या बागेत आल्या. मुकादम म्हणाला, मॅडम, इथे शाळा नका भरवू, आमचं काम अडतं. मॅडम म्हणाल्या, जेवणाची सुट्टी होईपर्यंत थांबते. त्या खरंच तासभर बांधावर उभ्या राहिल्या. सुट्टीत त्यांनी काडीने मातीत समीकरण लिहिलं. गोरखने औषधाने पिवळ्या झालेल्या बोटाने ते सोडवलं, एकही पायरी न गाळता. आम्ही स्कूटीवरून परतलो. शाळेच्या फाटकाशी त्या म्हणाल्या, "असा पोरगा मगात हात बुडवतो आणि आपण म्हणतो शिक्षण चालू आहे."

जानेवारीत शाळा थोडे दिवस उघडली. कामाला लागलेली मुलं परतली नाहीत. नंतर शाळा पुन्हा बंद झाली. दर शनिवारी एक तक्ता भरून पाठवायचा असे. त्यात ऑनलाइन हजर मुलांचा आकडा मॅडम जितका होता तितकाच लिहीत. तो तेरावरच थांबला होता. खाली उरलेल्या अठ्ठावीस जणांची नावं आणि ते सध्या कुठे आहेत, हेही. इतर वर्गांचे तक्ते पूर्ण हजेरीचे जात होते.

मग दहावीची परीक्षाच रद्द झाली. गुण शाळेनेच द्यायचे असं ठरलं, आणि शिकवणं झालं का हे बघायला अधिकारी एक दिवस ऑनलाइन येणार असं कळलं. मुख्याध्यापकांनी मॅडमना बोलावलं. मी तेव्हा वह्या जमा करायला ऑफिसात गेलो होतो. ते म्हणाले, तुमचा आकडा खरा धरला तर अठ्ठावीस पोरं नापास करावी लागतील, तुम्हाला तेच हवंय का? मॅडम म्हणाल्या, "नापास नका करू सर. शोधून आणू. जून आहे, जुलै आहे. मी शिकवते." मुख्याध्यापक हसले. मॅडम गेल्यावर त्यांनी मला थांबवलं. फार प्रेमाने म्हणाले, समाधान, तू वर्गात पहिला. साहेब तुलाच विचारतील. सगळे रोज असतात एवढंच म्हण. यंदा गुण आपल्याच हातात आहेत ना.

साहेब ऑनलाइन आले त्या दिवशी पडद्यावर एक्केचाळीस चौकटी होत्या. बहुतेक काळ्या, त्यांवर नावं. कार्यालयात क्लार्कने गावातून फोन गोळा करून एकेकावर एकेक नाव टाकलं होतं. गोरखचंही. तो त्या वेळी द्राक्षबागेत उन्हाळ्यातल्या खरड छाटणीला, काड्या गोळा करत होता.

साहेबांनी मला विचारलं, वर्ग रोज होतो का, सगळे असतात का? मी म्हणालो, हो सर, सगळे असतात. एवढ्यावर भागलं असतं. पण त्यांनी सहज यादी बघून गोरखचं नाव घेतलं आणि हा कॅमेरा का लावत नाही असं विचारलं. मी म्हणालो, "सर, त्याच्याकडे रेंज नसते. पण तो रोज ऐकतो. कालचं गणित त्यानेच सोडवलं."

हे वाक्य मला कोणी शिकवलं नव्हतं.

मॅडमनी माइक चालू केला. "साहेब, एक मिनिट," एवढंच ऐकू आलं. मुख्याध्यापक म्हणाले, मॅडमकडे आवाज तुटतोय, आणि त्यांचा माइक बंद केला. मॅडमचे ओठ थोडा वेळ हलत राहिले. मग त्या थांबल्या आणि पडद्याकडे बघत बसल्या. त्या माझ्याकडेच बघत होत्या असं मला वाटलं. खरं तर पडद्यावरून ते कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला.

"कालचं गणित गोरखने सोडवलं, हे तुला सरांनी सांगायला लावलं?"

"नाही मॅडम."

"म्हणजे ते तुझं."

त्या पुढे म्हणाल्या, "आता कागदावर सगळे हजर आहेत. त्यांना शोधायला कोणी जाणार नाही. मी इथून गेल्यावर तर नाहीच." मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या की अकरावीच्या प्रवेशाचे कागद काढून ठेव, दाखल्याला वेळ लागतो.

मला पंच्याण्णव टक्के मिळाले. मॅडमवर चुकीचे तक्ते पाठवल्याचा ठपका आला, प्रस्ताव गेलाच नाही, आणि जूनमध्ये त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं. त्याच पावसाळ्यात त्यांनी सटाण्याहून फोन करून माझा प्रवेशाचा अर्ज ओळीओळीने भरून घेतला. माझी आई मला नाशिकला पाठवायला तयार नव्हती. तिच्याशी त्या अर्धा तास बोलल्या. "ताई, माझ्या जबाबदारीवर पाठवा," म्हणाल्या. वसतिगृह, शिष्यवृत्ती, बीएस्सीचा विषय, सगळं त्यांना विचारून झालं. त्या दिवसाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मीही नाही. सध्या त्या सटाण्यात एका खासगी बालवाडीत शिकवतात.

या जूनमध्ये माझा निकाल लागला आणि शाळेने माझा सत्कार ठेवला. मी गेलो. मुख्याध्यापकांनी भाषणात सांगितलं की त्या कठीण काळातही आपल्या शाळेत एकाही मुलाचं शिक्षण थांबलं नाही. टाळ्या झाल्या. माझ्या खांद्यावर शाल होती. मी उभा राहिलो, सर्व गुरुजनांचे आभार मानले आणि खाली बसलो. मॅडमचं नाव घेतलं नाही.

चार दिवसांनी मी त्यांना हे पत्र पाठवलं.

"आदरणीय मॅडम,

सोबत अर्जाची प्रत जोडली आहे. मूळ अर्ज काल शिक्षण विभागात दिला. त्या दिवशी मी साहेबांना खोटं सांगितलं आणि तुमचे तक्ते खरे होते, असं त्यात माझ्या नावाने लिहिलं आहे. तिथल्या बाईंनी शिक्का मारला, पण एवढं जुनं आता कोण उघडणार, असंही म्हणाल्या. तुम्हाला यातून काही परत मिळेल असं मला वाटत नाही.

अर्ज देण्याआधी गोरखकडे गेलो होतो. तो आता पिकअप चालवतो. त्याची सही मागितली. त्याने सगळं वाचलं आणि विचारलं, 'मंग माझी दहावी जाईल का?' त्याने दहावी पास या कागदावर एका कंपनीत अर्ज केला आहे. मी म्हणालो, जाऊ शकते. तो म्हणाला, 'तवा माझं नाव मला न विचारता घातलंस. आता विचारतोयस, तर काढू नको.'

त्यामुळे अर्जात गैरहजरांमध्ये मी त्याचं नाव लिहिलेलं नाही. तुम्ही अठ्ठावीस लिहीत होता, मी सत्तावीसच लिहिले आहेत. तेवढं खोटं अजून चालू आहे, आणि ते कसं थांबवावं हे मला समजत नाही.

समाधान"