तीन बटणांचा तिरंदाज

इस्पितळाच्या धुलाईघरात तिला सगळे घडीताई म्हणत. वाफेच्या रुळांतून बाहेर पडलेली चादर ती अशी काही दुमडायची की वॉर्डात पोहोचेपर्यंत तिचं एक टोक ढळत नसे. वीस वर्षांत हाताला इतकी सवय झाली होती की डोळे मिटूनही घडी सरळच पडे.

घरी ती आणि तिचा थोरला भाऊ, दोघंच. दादा विजेच्या खांबांवर चढणारा माणूस. एकदा खांबावरून पडला आणि कमरेखालचा सगळा जीव गेला. मग अकरा वर्षं तिनं त्याचं सगळं केलं. अंग पुसणं, भरवणं, आणि पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणं. दिवसा ती कामावर असली की शेजारीण बघायची, एरवी हीच. शेवटी न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि आठवड्याभरात दादा गेला.

ती रडली नाही. भेटायला आलेल्या बायका आपसात कुजबुजल्या, "डोळ्यांतून टिपूससुद्धा नाही हो!" तिनं ते ऐकलं आणि सगळ्यांना चहा दिला. चौदाव्या दिवशी कामावर गेली आणि चादरींना लागली. आत काही हलत नव्हतं. दात काढताना सुई दिल्यावर गाल जसा परका वाटतो, तशी ती सगळीच झाली होती.

धाकट्या बहिणीची मुलगी पंधरा दिवस सोबतीला येऊन राहिली. चोविशीतली, नकाशे काढायच्या नोकरीत. जाताना आपला जुना कॉम्प्युटर मावशीच्या टेबलावर लावून दिला.

"रविवारी दुपारी तीन वाजता आम्ही दहा जण एक खेळ खेळतो. एक जण कमी पडतोय. तू ये."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"शिकवते. शेवटच्या टप्प्यात एक मोठा राक्षस असतो, त्याला दहा जणांनी मिळून पाडायचं. त्याला रेड म्हणतात. ढालवाला मार खातो, वैद्य त्याला जगवतो, बाकीचे मारतात. तुला काय व्हायचंय?"

नाही म्हणायलाही बळ लागतं, ते तिच्यात नव्हतं. म्हणाली, "ज्यात डोकं कमी लागेल आणि कुणी नको म्हणणार नाही, असं काहीतरी दे."

"मग वैद्यच हो! वैद्याला सगळे डोक्यावर घेतात. आणि सोपं आहे. हे बघ." भाचीनं पडदा दाखवला. दहा माणसांचा जीव दाखवणाऱ्या दहा हिरव्या पट्ट्या होत्या. एखादी उतरायला लागली की बटण दाबायचं, पुन्हा भरायची. लक्ष हटवायचं नाही, बस.

मावशीनं त्या पट्ट्यांकडे पाहिलं आणि हात मांडीवर घेतला.

"हे नको."

"का गं?"

"नको म्हटलं ना."

 बराच शोध घेऊन भाचीनं मावशीला तिरंदाज केलं. लांब उभं राहायचं आणि तीन बटणं आलटूनपालटून दाबायची. शिवाय तिरंदाजाकडे एक शिंग असे. ते फुंकलं की सगळ्यांचे हात भरभर चालत, म्हणून प्रत्येक टोळीला एक तरी तिरंदाज हवाच असायचा.

टोळीच्या म्होरक्याला सगळे कप्तान म्हणत. दिवसा तो बसच्या आगारात गाड्यांच्या वेळा लावायचा. कानाला लावलेल्या यंत्रातून त्याचा बसका आवाज आला, "ताई, मी 'शिंग' म्हटलं की फुंकायचं. बाकी काळजी करू नका."

पहिल्या रविवारी ऐन लढाईत चार वाजले. ती उठली. आतल्या खोलीत गेली, कॉटजवळ उभी राहिली. कूस बदलायला वाकली तेव्हा लक्षात आलं की गादी गुंडाळलेली आहे. परत आली तर पडद्यावर दहाही जण आडवे पडले होते.

"ताई, कुठे गेला होतात?" कप्तानानं विचारलं.

"उठले होते."

"बरं. सगळे उठा, पुन्हा करू."

पुढच्या रविवारीही चारला तेच झालं. कप्तानानं काही विचारलं नाही, पण तिसऱ्या रविवारपासून चारच्या ठोक्याला पाच मिनिटं सुट्टी ठेवली. वेळा लावणं त्याच्या हातचा मळ होता. ती त्या पाच मिनिटांत आत जाऊन यायची. येऊन तीन बटणं दाबायची. मजा येते का, असं भाचीनं फोनवर विचारलं तेव्हा ती म्हणाली, "वेळ जातो."

चार महिने असे गेले. मग टोळीच्या दोन वैद्यांपैकी एकीची, एका शाळेत कवायत शिकवणाऱ्या बाईंची, बदली झाली आणि त्यांनी खेळ सोडला. कप्तान म्हणाला, "ताई, तुम्ही कधी चुकत नाही. वैद्य व्हाल का? बाईंच्या जागी नवा तिरंदाज मिळालाय, वैद्य मिळत नाहीये."

 भाची मध्ये पडायला गेली, "अहो कप्तान, मावशीला..." पण मावशीच बोलली. चादरी मोजताना बोलावं तशा आवाजात.

"माझा भाऊ अंथरुणाला खिळून होता. अकरा वर्षं मी तेच केलं. डोळ्यांत तेल घालून केलं. तरी गेला. मला आता कुणाची पट्टी बघायची नाही. तुम्हाला दुसरं माणूस हवं असेल तर खुशाल घ्या."



"म्हणजे चारला तुम्ही..." कप्तान म्हणाला आणि थांबला. मग म्हणाला, "नाही ताई. तुम्ही आहात तिथेच राहा."

भाचीनं आपली लाडकी तलवार ठेवली आणि ती वैद्य झाली. तिचा हात बसेना. सहा रविवार सगळे हरले. एक जण वैतागून म्हणाला, "एका बाईच्या हट्टापायी आपण मरतोय," आणि निघून गेला. मावशीनं ते ऐकलं. तिला वाईट वाटायला हवं होतं. तिनं वाट पाहिली, पण काही वाटलं नाही. कप्तानानं आगारातला एक मेकॅनिक आणून बसवला.

सातव्या रविवारी राक्षस पडला. कानात एकदम गलका झाला. मेकॅनिक शिट्ट्या वाजवत होता, भाची हुंदके देत होती. "मावशी, जिंकलो गं!"

"हो, दिसतंय," ती म्हणाली. भाची इतकी का रडतेय, ते तिला कळत होतं. दादा भाचीचा लाडका मामा होता, आणि आज तिनं एकाचीही पट्टी संपू दिली नव्हती. मावशी कानाला यंत्र लावून तिचं रडणं थांबेपर्यंत बसून राहिली. मग म्हणाली, "पाणी पी आता."

महिन्याभरात खेळाचे नियम बदलले. शिंग आता कुणालाही फुंकता येणार होतं आणि तिरंदाजाचा बाण बोथट झाला होता. भाचीनं घाबरत घाबरत फोन केला, "मावशी, आता तिरंदाज कुठल्याच टोळीला नकोय. दुसरं काही सोपं बघू का तुझ्यासाठी?"

"मला हेच जमतं."

तिनं कप्तानाला स्वतःच लिहिलं. एकेक अक्षर शोधत, वीस मिनिटं लावून. 'माझा आता उपयोग नाही असं कळलं. जागा दुसऱ्याला द्या. राग नाही.'

दुसऱ्या दिवशी धुलाईघरात जेवणाच्या सुट्टीत उत्तर आलं. 'रविवारी तीनला. उशीर करू नका.'

तिनं ते दोनदा वाचलं. समोरच्या बाकावरच्या इस्त्रीवालीनं विचारलं, "काय गं घडीताई, कुणाचा निरोप?"

"कामाचा," ती म्हणाली, आणि डब्यात राहिलेले दोन घास संपवून चादरींकडे गेली.