प्रभाताईंचा मंगळवार

डॉ. प्रभाताईंना मी प्रथम पाहिले ते सौंसरच्या बसस्टँडवर, आणि त्या पहिल्याच भेटीत मला त्यांचा राग आला. गौरवग्रंथात असे लिहू नये, हे मला कळते. पण संपादक मंडळाने लेख माझ्याकडेच मागितला, त्याला माझा इलाज नाही.

मी बालरोगतज्ज्ञ म्हणून इथल्या धर्मादाय दवाखान्यात रुजू व्हायला आलो होतो. हातात ट्रंक, डोक्यावर ऊन. शेजारी उभ्या असलेल्या नागपूरच्या बसमध्ये काळा चष्मा लावलेल्या एक बाई चढत होत्या. मी नवा डॉक्टर आहे, दवाखाना कुठे आहे, असे त्यांना अदबीने विचारले. त्या म्हणाल्या, "आज मंगळवार हाय. दवाखान्याचं नाव नका काढू माह्यासमोर. त्या पानठेल्यावर विचारा." बस निघून गेली. दुसऱ्या दिवशी प्रसूती विभागाच्या प्रमुखांच्या खुर्चीत त्याच बाई बसलेल्या. "या डॉक्टर, सापडला का रस्ता?" असे हसत म्हणाल्या. मला मुळीच हसू आले नाही.

त्यांच्या कामाबद्दल लिहायला हवे, आणि ते मी मनापासून लिहितो. सावरगावची एक सून पहिलटकरीण होती. कळा लांबल्या, सासू घाबरली, नागपूरला नेतो म्हणून हटून बसली. ती आणि पोटातले बाळ दोघेही ठीक आहेत, याची ताईंनी पुन्हा पुन्हा तपासून खात्री केली आणि खाटेजवळ स्टूल ओढून संत्री सोलत बसल्या. "पोरी, मी कुठीच नाही जाऊन राहिली. तू बी घाई नको करू," असे तिला सांगत राहिल्या. त्या कुठे जात नाहीत म्हणजे मलाही जाता येत नाही. बाळाची वाट पाहत मी भिंतीला टेकून ताटकळलो. बाळ सुखरूप आले, खणखणीत रडले. सासूने आधी ताईंच्या पायाला हात लावला, मग माझ्याकडे पाहून विचारले, "हे कोण होय?"

आठवड्याचे बाकी दिवस ताई दवाखान्याच्या असतात. दिवाळी असो, घरचे लग्न असो, त्या येतात. मंगळवार मात्र त्यांचा. त्या दिवशी पांढुर्ण्याच्या एक डॉक्टरबाई त्यांचे काम पाहतात आणि बदल्यात ताई त्या बाईंचा रविवार सांभाळतात. एका वर्षी पांढुर्ण्याची गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा, नेमकी मंगळवारी आली. फुटलेली डोकी शिवायला माणसे कमी पडली, तेव्हा ताई स्वतःहून पांढुर्ण्याला गेल्या आणि दिवसभर टाके घालत राहिल्या. आम्ही सारे भारावलो. गुरुवारी त्या आल्याच नाहीत. फोन बंद. शुक्रवारी विचारले, तर म्हणाल्या, "मंगळवार राह्यला होता न बाप्पा, तो काल केला." त्यांच्या नावाने आलेल्या बायकांची बोलणी मात्र मी खाल्ली.

नागपूरला जाऊन त्या करतात तरी काय? काही नाही! मेट्रोत बसून या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात आणि परत येतात. बर्डीच्या बाजारात चपला घालून पाहतात, घेत नाहीत. दुपारचा सिनेमा बघतात, फुटाळा तलावाच्या काठावर भेळ खातात. एकट्या. मी एकदा चिडून म्हटले, यासाठी एवढ्या दूर जायचे? त्यावर त्या म्हणाल्या, "इथं मी वांगे घ्याले गेली का बाया सोनोग्राफीची फाइल काढतेत. तिथं मले कोणी ओळखत नाही. एक दिवस कोणाचीच डॉक्टर नसली का उरलेले दिवस मी तुमची. इतकी वर्षं इथं टिकली ते त्याच्यानंच."

मलाही त्यांनी सोडले नाही. मी सुट्टी घेत नाही, याचा मला अभिमान होता. त्यांनी माझा शुक्रवार ठरवला आणि त्या दिवशी शिपायाला माझ्या खोलीला कुलूप लावायला सांगितले. मी तणतणत घरी बसलो आणि दुपारपर्यंत बायकोचे मसाल्याचे डबे नव्याने लावून ठेवले. ती म्हणाली, "हात जोडते, कुठी तरी जा." मी मुलीला घेऊन नागपूरला गेलो. चालत्या बसमध्ये ती माझ्याशी इतके बोलली की मला वाईटही वाटले आणि फार बरेही वाटले. त्या कुलपाबद्दल मी ताईंचा ऋणी आहे.

आणि आता आपला पराक्रम. ताईंची साठी जवळ आली तेव्हा आपल्या गौरव समितीचे अध्यक्ष, मोहगावचे बाबारावजी, सभेत गहिवरून म्हणाले, "बाई बिचाऱ्या दर मंगळवारी एकट्याच जाऊन राहिल्या. आपण कायले हाओत मंग? अख्खी बस करू!" टाळ्या पडल्या. मी विरोध केला, तर मला सांगण्यात आले, "तुम्हाले नाही समजत, तुम्ही लेकराइचे डॉक्टर."

त्या मंगळवारी ताई बसस्टँडवर आल्या. समोर त्यांचाच फोटो लावलेली बस, भोंगा, हार आणि पुऱ्यांचे डबे घेऊन आपण सारे. एवढ्या प्रेमाला नाही म्हणणे त्यांना जमले नाही. मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर बायांनी घाबरून त्यांच्या दोन्ही दंडांना धरले. बर्डीवर तिघींनी रिपोर्ट दाखवले. फुटाळ्यावर प्रत्येकाला त्यांच्यासोबत फोटो हवा होता. परतताना बाबारावजींनी भोंग्यावर जाहीर केले, "आता बाईले आपण कधीच एकटं सोडणार नाही. दर मंगळवारी बस!" पुन्हा टाळ्या.

ताई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांच्या गळ्यात अजून हार होता. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर, मी राजीनामा देऊन राहिली. नागपूरलेच राहाले जातो. माणसं लय चांगली हायेत हो, पण मले श्वास नाही घेता येत." एवढ्या वर्षांत त्यांचे डोळे भरलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले, आणि मला आपल्या सगळ्यांचा भयंकर संताप आला.

मी विनवण्या केल्या. शेवटी "पुढचे काही मंगळवार पाहतो," एवढेच त्या बोलल्या. बाबारावजींना समजावले आहे, पण ते अजून रुसलेले आहेत आणि बसवाल्याला नाही म्हणालेले नाहीत. म्हणून हा लेख ग्रंथात सर्वांत पुढे छापावा, असा हट्ट मी धरला.

प्रभाताईंना उदंड आयुष्य लाभो, त्यांचे गुडघे आणि डोळे शंभरीपर्यंत शाबूत राहोत. शाल, श्रीफळ, चांदीचे ताट, जे द्यायचे ते खुशाल द्या. पण एखाद्या मंगळवारी नागपूरच्या गर्दीत एक बाई एकट्याच कुल्फी खात उभ्या दिसल्या, तर हात करू नका, नमस्कार करू नका, ओळख दाखवू नका. मान वळवून पुढे जा. आपल्याला त्या बुधवारी हव्या आहेत.