कोकमाऐवजी आंब्याची फोड

लग्न झालं तेव्हा आमचे हे, म्हणजे गुरुजी, कोकणात शाळेवर होते. आमच्या विदर्भाच्या टोकाच्या झाडीपट्टीतल्या पोरांना तेव्हा मास्तरकी तिकडंच मिळायची. मी केशोरीची, तळ्याकाठी वाढलेली. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो संसार मांडायला गेले तेव्हाच. शेजारी एक काकी राहायची. एकटीच, मिठागरात कामाला. पहिल्या दिवशी मी तिच्याकडं मीठ मागायला गेले, तर तिनं वाटी उंबऱ्यावर ठेवली. म्हणाली, "हातात घेव नको गो, झगडो होतलो." मला हसूच फुटलं. आमच्याकडंही मीठ कोणी हातात देत नाही, भांडण होते म्हणतात. एवढ्या परक्या मुलखात तेवढ्यावरून ती मला माझी वाटली.

उन्हं चढायच्या आत ती वाफ्यातल्या पाण्यावर धरलेली मिठाची साय हातानं अलगद ओढून घ्यायची. ओलसर, पापुद्र्याचं, दाताखाली चुरचुरणारं मीठ. शिजताना घालायचं नाही, पानात वाढल्यावर वरून चिमूटभर टाकायचं, हे तिनंच शिकवलं. सहा वर्षांत तिनं मला लेकीसारखं सांभाळलं.

मग बदली होऊन आम्ही आमच्या मुलखात, अर्जुनी मोरगावला आलो. काकीला लिहिता येत नव्हतं, तिच्याकडं फोन नव्हता. पण आमच्या इथल्या जवळच्या गावचे एक मास्तर अजून तिकडं कोकणातच नोकरीला होते. दर उन्हाळ्यात सुट्टीत येताना ते काकीची पिशवी आणायचे. जुन्या लुगड्याची, हातानं शिवलेली. मिठावर एक कोकम ठेवलेलं असायचंच. मीठ एकटं प्रवासाला धाडू नये, असं तिचं म्हणणं. परतीला मी पायलीभर चिन्नोर तांदूळ एकेक दाणा निवडून द्यायची.

ते मीठ मी उकडलेल्या शिंगाड्यावर टाकायची, लाखोळी डाळीच्या वरणावर टाकायची. सासूबाई म्हणत, "मीठ मीठच असते वं बाई, त्याले का सोनं लागलं?" मी ऐकते कशाला! आल्या-गेल्याला बळजबरीनं चाखवायची.

एका वर्षी पिशवीत कोकम नव्हतं. पुढच्या वर्षीही नाही. मी गुरुजींना म्हटलं, "काकी विसरून राहिली वाटते. औंदा त्या मास्तरले सांगजा, कोकम टाक म्हणा." ते खाली मान घालून जेवत राहिले.

तिसऱ्या वर्षी पिशवी आली. वर काहीतरी काळं, वाळलेलं होतं. हरखून तोंडात टाकलं. अगं बाई! कोकम कुठलं, ती आंब्याची फोड होती. आमच्याच माळ्यावरच्या डब्यातली, मीच हळद लावून वाळवलेली.

गुरुजी ओसरीवर बसले होते. फोड त्यांच्या पुढ्यात टाकली. "हे कायले टाकलं?"

त्यांनी फोड उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "काकी गेली. तीन वर्षं झाली."

"अन् हे मीठ?"

"बाजारातलं. पिशव्या तू धुऊन ठेवल्या होत्या, त्याच. त्याच साली तुही माय गेली होती, कसं सांगू? मग सांगतो सांगतो म्हणता राहून गेलं."

"माहा तांदूळ?"

"त्या मास्तरच्या घरी जात होता."

तीन वर्षं! बाजारातलं जाडं मीठ मी बोटानं चुरून शिंगाड्यावर टाकत होते आणि वर लोकांना सांगत होते, पाहा, समुद्राची चव. सासूबाई गालातल्या गालात हसायच्या, त्यांनाही ठाऊक होतं. घरात एक मीच तेवढी खुळी! या जिभेचा केवढा तोरा होता मला, तीही फितूर निघाली. काकीच्या नावानं तांदूळ निवडत बसले आणि तिच्यासाठी डोळ्यांतून एक टिपूस काढलं नाही. मला दुःख होऊ नये म्हणे! माझ्या माणसाचं दुःख माझं होतं, ते लपवून ठेवायला यांना कोणी सांगितलं होतं? असली माया चुलीत घाला.

त्या दुपारी मी वरणात मीठच घातलं नाही. गुरुजींनी घास घेतला, थांबले.

"मीठ राहिलं वाटते."

मी त्या पिशवीतलं मूठभर मीठ घेतलं. "हात पुढं करा."

"वाटी ठेव ना खाली."

"करा म्हणते ना."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि हळूच तळहात पुढं केला. मी सगळं मीठ त्यांच्या हातातच दिलं.