अर्धी गोळी

आई रोह्याला एकटी राहायची, मी पेणला रामवाडीत. दर दुसऱ्या रविवारी सकाळच्या गाडीने जाऊन तिचा औषधांचा डबा लावायचा, हे काम मी आपणहून घेतलं होतं. सगळं बाहेर काढायचं, डबा कोरड्या फडक्याने पुसायचा, तारीख उलटलेलं फेकायचं. मलम, बँडेज, थर्मामीटर वरच्या कप्प्यात. रोजच्या गोळ्या खाली, हाताशी. आमच्या दमट हवेत गोळ्या सुट्या काढून ठेवल्या की मऊ पडतात, म्हणून त्या पाकिटातच ठेवायच्या.

आई बघत बसायची. "आली तपासणीवाली! अगो, आधी चहा घे, गोळ्या पळून जात नाय."

"घ्यायला विसरत नाहीस ना?"

"मला काय विचारतेस? डब्याला विचार."

मी डब्यालाच विचारायचे. ब्लडप्रेशरच्या गोळ्यांचं पाकीट अगदी वेळेवर संपलेलं असायचं. मी नवं ठेवायचे आणि निघायचे. पेणला मी गणपतीच्या कारखान्यात रंगकाम बघते. पावसाळ्यात तिथे मान वर करायला सवड नसते.

गेल्या श्रावणात आई मोरीपाशी पडली. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टरांनी प्रेशर बघितलं आणि मला विचारलं, "गोळ्या बंद होत्या का यांच्या?"

मी चिडले. "डबा मी स्वतः लावते. एक दिवस चुकलेला नाही."

शेजारची मावशी मागे उभी होती. सुकी मासळी विकते ती. आईला पडलेलं तिनेच पाहिलं, तिनेच रिक्षा आणली. तिने माझा दंड धरून मला बाहेर नेलं.

"बाय, ती अर्धीच घ्यायची."

"काय अर्धी?"

"गोळी. अर्धी ती, अर्धी मी. सकाळी चहाला बसलो की अडकित्त्याने दोन तुकडे करायची. माला पण प्रेशर हाय ना."

वर्षभर हे चाललं होतं. सरकारी दवाखान्यात मावशीला गोळ्या फुकट मिळाल्या असत्या, पण तिथे रांगेत सकाळ जाते आणि मासळीचा बाजारही सकाळचाच. आईने तिला सांगितलं, दोघींचं दुखणं एकच, मग वाटून घेऊ. मला कळू द्यायचं नाही, मी ओरडेन, हेही बजावलं होतं. अडकित्त्यावरची पांढरी भुकटी मी पाहिली होती. चुना समजून घासून ठेवला होता.

तिसऱ्या दिवशी आई गेली. त्याआधी एकदा डोळे उघडून बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मी तिची चादर सारखी केली.

दिवसकार्य आटोपल्यावर घर आवरायला गेले. डबा रिकामा करत होते, तोच मावशी दारात आली.

"राग हाय ना तुझा माझ्यावर?"

"हाय," मी म्हटलं. होताच. "तुझ्या गोळीचं काय आता?"

"नाय घेत. तिच्यामागून घशाखाली उतरत नाय."

"चप्पल घाल."

सरकारी दवाखान्यात दुपार झाली. मासळीची टोपली तशीच राहिली. डॉक्टरांनी तिचं प्रेशर दोनदा मोजलं, तिला झापलं आणि महिन्याच्या गोळ्या लिहून दिल्या. घरी आल्यावर मी पाण्याचा तांब्या घेऊन तिच्यासमोर उभी राहिले. गोळी तळहातावर घेऊन ती बघत बसली.

"अख्खी?"

"अख्खी."

तिने घेतली. मग पदर तोंडाला लावला. "तुझी आई गोळी दिली की विचारायची, चक्कर आली काय, झोप लागली काय, जेवलीस काय. रोज विचारायची."

मला काही विचारायला सुचेना. तांब्या खाली ठेवून म्हटलं, "उद्याची पण घ्यायची हाय."