झिजलेला उंबरा

सासूबाईंचं आजारपण मी तीन वर्षं केलं. त्या गेल्यावर इंग्लंडला राहणाऱ्या आमच्या लेकीने आम्हा दोघांना बोलावून घेतलं आणि तिथल्या खेड्यातल्या एका जुन्या ख्रिस्ती मठात उतरवलं. मठाचं आता महागडं हॉटेल झालं आहे. "आई, नुसती झोप काढ," एवढंच तिचं म्हणणं. पण झोपायची सवयच गेलेली. पहाटे उठून मी पलंगावरची चादर नीट करायला लागले, तर हे म्हणाले, "अगं, त्याला माणसं आहेत इथे. बस की जरा." बसले, तर बसण्याचाही शीण आला.

नाश्ता होता जुन्या प्रार्थनाघरात. उंच कमानी, रंगीत काचा. दारात सवयीने माझ्या पायांतून चपला निघाल्या.

"अगं, इथे पाव-लोणी खायचंय, दर्शन नाही घ्यायचं," हे पुटपुटले.

चपला पुन्हा घालायचाही कंटाळा आला, म्हणून तशीच उभी राहिले. पायाखालचा दगडी उंबरा मधोमध झिजून खोलगट झाला होता. किती पिढ्यांचे साधू पहाटे उठून इथून आत गेले असतील. सगळेच काही भक्तीने आले नसतील. बरेचसे पेंगत, अंग ओढत, रोजचंच आहे म्हणून आले असतील. दगड मात्र सगळ्यांच्या पायांनी सारखाच झिजला.

त्या खळग्यात माझं पाऊल अलगद बसलं. मागे पाहिलं, तर माझ्या चपलांशेजारी ह्यांचे बूट होते.

"फार गार आहे गं," मोज्यांवर उभे राहून हे म्हणाले, आणि तिथून हलले नाहीत.