दाजींच्या पिकअपचा उजवा पाटा

सेनगावच्या स्टँडवर उतरलो तेव्हा दाजींच्या आधी मला त्यांची पिकअप दिसली. मागची उजवी बाजू चाकाला टेकायला आलेली, आणि सगळी गाडी त्या अंगाला कललेली. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांनी माझी बॅग मागे हौद्यात टाकली, तर ती घसरत घसरत उजव्या कोपऱ्यात जाऊन थांबली.

"तिला जागा म्हाईत झाली," दाजी म्हणाले आणि गाडी सुरू केली.

सेनगावपासून आत असलेल्या त्यांच्या गावात सगळीकडे शिजवलेल्या हळदीचा वास होता. अंगणं पिवळी झाली होती आणि ताईचे हातही. लग्न होऊन ती पुण्याहून इकडे आली त्याला आता जमाना झाला, बोलणंही इकडचंच झालं आहे. चहा देता देताच तिने मला निकाल ऐकवला. गेल्या आठवड्यात वळणावर गाडी कलली आणि हळदीची पोती रस्त्यावर लोळली. आता बस्स.

"उद्या सांजच्याला भंगारवाला येऊन राहिला (येतो आहे)," ती म्हणाली. "त्याच्या आधी गाडी सरळ झाली तर ठेवू, न्हाईतर देऊन टाकू. तू जा यांच्यासंग. हे मला खरं सांगायचे न्हाईत."

अशा रीतीने विश्रांतीसाठी आलेला मी दुसऱ्या दिवशी सकाळी पंच म्हणून पिकअपमध्ये बसलो. औंढा नागनाथला पाट्यांचं काम करणारे एक मिस्त्री होते. पाटे म्हणजे गाडीचं ओझं चाकांवर तोलून धरणाऱ्या पोलादी पट्ट्या. हिंगोलीवरून जायचं होतं. रस्ता बरा होता, पण वेग काही येईना, कारण वाटेत जो हात करील त्याला दाजी घेत होते. कुणी तालुक्याला निघालेलं, कुणी देवाला. सगळे हौद्यात चढत आणि थेट उजवीकडे, दाजींच्या खिडकीमागे जाऊन उभे राहत. डावीकडे मी आणि शुद्ध हवा.

मध्ये एकदा गाडी रिकामी झाली तेव्हा दाजींनी आरशातून मागे बघितलं. मग म्हणाले, "मेव्हणे, शेत आता पोरगं बघतं. घर तुमची ताई बघते. गाडी गेली तर मला हात कोण करील?"

मी खिडकीबाहेर तुरीची वाळलेली धसकटं बघत राहिलो.

औंढ्याच्या मिस्त्रींना स्वतःच्या कामाचा भारी अभिमान. आपण बसवलेला पाटा गाडीच्या मालकापेक्षा जास्त टिकतो, असं त्यांनी नमस्काराआधीच सांगितलं. गाडीखाली शिरून ते बाहेर आले.

"डावीकडचे पाटे कोरे हायेत. उजवीकडचा एक तुटला, बाकीचे सपाट झाले. एकाच बाजूला काय भरता तुमी?"

"काहीच न्हाई," दाजी म्हणाले. "रिकामीच असते."

तेवढ्यात हौद्यातून तिघे जण खाली उतरले आणि गाडी वर आली. मिस्त्रींनी उतरणाऱ्यांकडे बघितलं, मग दाजींकडे.

"मामा, तुमी सगळे उजवीकडंच काहून (का) उभे राहता?"

"डावीकडं बोलायला कोण हाय?" पटका बांधलेले एक म्हातारे शांतपणे म्हणाले आणि देवळाकडे निघून गेले.

काम होईपर्यंत आम्ही नागनाथाचं दर्शन घेतलं. काळ्या दगडावर कोरलेल्या हत्तींपुढे उभं राहूनही दाजींचा जीव गॅरेजमध्येच होता. खानावळीत ज्वारीची भाकरी, पिठलं आणि ठेचा मागवला. ठेच्याने माझे कान गरम केले, दाजींना तो गोड लागत होता बहुतेक. परत आलो तर गाडी चक्क सरळ उभी. मिस्त्री म्हणाले, "पाटा नवा हाय. बसेपर्यंत उजवीकडं वजन नगं. मग तकलीफ न्हाई."

दाजींनी मान डोलावली. पहिल्याच फाट्यावर एका मावशींनी हात केला आणि दाजींचा पाय ब्रेकवर गेला.

"दाजी, वजन!"

"उजवीकडं नगं म्हणले ते," दाजी म्हणाले. "मावशी, डावीकडं बसा. आज पाहुणे बोलतील."

पुढचा सगळा रस्ता मी खिडकीतून मान बाहेर काढून बोलत होतो. हिंगोलीपर्यंत हौदा भरला. कुणी उजवीकडे सरकायला लागलं की दाजी मला कोपराने ढोसत. हळदीचे भाव संपले, पुण्याचं ट्रॅफिक संपलं, माझ्या मुलाचं लग्न का जमत नाही हेही संपलं. शेवटी मी माझं मूतखड्याचं ऑपरेशन काढलं आणि ते सेनगावपर्यंत लांबवलं. एकही माणूस जागचा हलला नाही. मावशी तर आपला फाटा मागे टाकून पुढे आल्या.

घरी पोचलो तेव्हा माझा आवाज पार बसला होता. अंगणात भंगारवाला बाजेवर चहा पीत होता. ताईने गाडीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून बघितलं आणि मला विचारलं, "झाली का सरळ?"

मी मान हलवली आणि घोगऱ्या आवाजात पाट्याची, डाव्या-उजव्याची सगळी हकिगत सांगितली. दाजी टायरकडे बघत उभे होते.

भंगारवाल्याने कप खाली ठेवला. "माझी शेवटची जीप तर गेली, ताई. आता सेनगावला कसा जाऊ?"

ताईने एकदा रस्त्याकडे बघितलं, एकदा दाजींकडे. "अहो, सोडून या त्यांना."

दाजी इतक्या चपळाईने गाडीत चढले की चप्पल अंगणातच राहिली. भंगारवाला सवयीने चढावं तसा दाजींच्या खिडकीमागे जाऊन उभा राहिला. ताई फाटकापर्यंत धावत गेली.

"भाऊ, डावीकडं व्हा. पाटा नवा हाय."

पुण्याला परत आलो. बिल्डिंगखाली माझी गाडी उभी होती, चारही बाजूंनी सरळ. घेतली तशीच आहे. मागच्या सीटवरचा प्लॅस्टिकचा कागदसुद्धा अजून फाटलेला नाही.