पोटरीतलं जनावर

सुरुवात डोळ्यापासून झाली. माझा डावा डोळा लवायला लागला आणि आई खूश झाली. बाईमाणसाचा डावा डोळा लवणं शुभ, काहीतरी चांगली बातमी येणार, असं तिनं चहा गाळता गाळता जाहीर केलं. पंचविशीतल्या मुलीच्या आईला चांगली बातमी म्हणजे स्थळ. तिनं फोन हाताशी ठेवला. स्थळ काही आलं नाही. डोळा थांबला आणि डावी पोटरी उडायला लागली. पोटरी उडणं शुभ की अशुभ, याबद्दल आईच्या शास्त्रात काहीच सांगितलेलं नाही, म्हणून मी इंटरनेटला विचारलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

इंटरनेटनं मला पहिल्याच पानावर मारून टाकलं. स्नायू आधी उडतात, मग दुबळे होतात, मग एकेक करून कामातून जातात, असा एक रोग असतो. त्याचं नाव मी इथंही लिहिणार नाही. आमच्या कोकणात रात्रीच्या वेळी सापाला साप म्हणत नाहीत, जनावर म्हणतात. मी जन्मले-वाढले कोलकात्यात, कोकण पाहिलं ते सुट्टीपुरतं, पण घाबरायची पद्धत मात्र अस्सल कोकणी. मीही त्या रोगाला मनातल्या मनात जनावर म्हणायला लागले.

पायात दुबळेपणा आलाय का हे बघायचं, तर एका पायाच्या चवड्यावर उभं राहायचं, असं कुठंतरी वाचलं. झालं. दात घासताना चवड्यावर, लिफ्टची वाट बघताना चवड्यावर, ऑफिसात प्रिंटरपाशी चवड्यावर. उभं राहून राहून पोटरी दुखायची, दुखली की थरथरायची, आणि थरथरली की मी स्वतःला सांगायचे, बघ, सुरू झालं. मग खात्री करून घ्यायला पुन्हा चवड्यावर. ऑफिसातल्या एकीनं विचारलं, नाचाचा क्लास लावलायस का? मी हो म्हटलं. मरणाऱ्या माणसाला एवढं खोटं माफ असतं.

डमडमला आमच्या गल्लीच्या तोंडाशी औषधाचं दुकान आहे. तिथल्या काकांना लक्षणं सांगितली. त्यांनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही, "गॅस" म्हणाले आणि गोळी पुढं केली. या शहरात डोकेदुखीपासून प्रेमभंगापर्यंत सगळं पोटातूनच निघतं. गोळी घेतली, ढेकर आला. पोटरी आपली उडतच होती.

आईबाबांना सांगायचं नाही हे मात्र पहिल्या दिवशीच ठरलं होतं, आणि त्यात चेष्टा नव्हती. माझ्या लहानपणी आजोबा, म्हणजे बाबांचे वडील, आमच्या आतल्या खोलीत अंथरुणाला खिळले होते. बाबा खिदिरपूरच्या गोदीत कस्टममध्ये, त्यांच्या येण्याजाण्याला धरबंद नाही. आजोबांना उठवणं, बसवणं, कूस बदलणं, आंघोळ, सगळं आईनं वर्षानुवर्षं एकटीनं केलं. तिची कंबर तेव्हाच गेली. आता पुन्हा त्याच खोलीत, त्याच खाटेवर मी, आणि उचलायला पुन्हा आई. मरणापेक्षा मला याचीच जास्त भीती वाटायची.

पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. पुण्यातल्या दादाला फोन करायचं ठरवलं, आणि घरात बोलायची सोय नव्हती, म्हणून सकाळी डमडमच्या मेट्रो प्लॅटफॉर्मवरून केला. आता यात एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही कोलकात्यातली मराठी माणसं घराबाहेर मराठीला कुलूप समजतो. मासेवाल्याच्या तोंडावर त्याच्या माशांना नावं ठेवायची, शेजारणीच्या साडीबद्दल तिच्यासमोरच बोलायचं, हे आम्ही लहानपणापासून करत आलोय आणि कधी पकडले गेलो नाही. त्यामुळे मी गर्दीत, बाकड्यावर बसून, चांगला आवाज लावून माझा मृत्यू दादाला समजावून सांगितला. दादा म्हणाला, आधी डॉक्टरला दाखव, मग मर. मी म्हटलं, "आईला कळता कामा नये. आजोबांचं केलं तिनं, आता माझंही करायला लावू?" कुणी ऐकत नाही ना, असं त्यानं विचारलं, तर मी म्हटलं, छे, शेजारी एक बंगाली म्हातारी झालमुरी खात बसलीय.

गाडी आली. म्हातारीनं झालमुरीच्या कागदी ठोंग्याची घडी केली, पदराला हात पुसले आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "चल गं, गाडी आली."

बंगाली तांताच्या सुती साडीमुळे ओळखलं नव्हतं. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी नऊवारी नेसून आरतीचं ताट धरणाऱ्या काकू त्या, तीन पिढ्या कोलकात्यात काढलेल्या घरातल्या. पार्क स्ट्रीट येईपर्यंत मी त्यांची मनधरणी केली, घरी सांगू नका म्हणून. त्यांनी माझा हात थोपटला. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत.

पुढचे काही दिवस मी घरात वादळाची वाट बघत होते. वादळ आलं नाही. आई नेहमीसारखी, बाबा नेहमीसारखे. काकू पोटात ठेवणाऱ्या निघाल्या म्हणून मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला. घरात नवीन झालं ते एवढंच, की आईला व्यायामाचं वेड लागलं. पाण्यानं भरलेल्या मोठ्या बाटल्या दोन हातांत घेऊन ती वरखाली करायची, खुर्चीतून उठायची, बसायची, पुन्हा उठायची. जिना चढायची, उतरायची. मी विचारलं, कुठल्या सिनेमात घेतलंय तुला? कंबरेसाठी आहे, म्हणाली. म्हणजे सकाळी न्हाणीघरात मी चवड्यावर, बाहेरच्या खोलीत आई बाटल्या घेऊन, आणि बाबा आमच्या दोघींच्या मधून चहा शोधत फिरायचे.

दादानं पुण्यात बसून माझ्यासाठी एका न्यूरॉलॉजिस्टची वेळ घेतली. डॉक्टर वयस्कर, शांत. त्यांनी हातोडीनं गुडघे ठोकले, हात दाबून बघितले, टाचांवर चालवलं. मग चवड्यांवर चालायला सांगितलं. मी इतक्या सफाईनं चालले की त्यांनी भुवया वर केल्या. रोज करता का, असं विचारलं. मी थोड्या अभिमानानंच कबूल केलं. ते पोट धरून हसले. ताकद उत्तम आहे, म्हणाले, रोग काही नाही, पण या पोटऱ्यांना आता जरा सुट्टी द्या. कॉफी कमी करा आणि फोनवर लक्षणं शोधणं बंद करा. मन चिंती ते वैरी न चिंती, हे त्यांनी बंगालीत सांगितलं असतं तर कसं सांगितलं असतं, असा विचार करत मी बाहेर पडले आणि फुटपाथवर उभी राहून एकटीच हसले.

घरी पोचले तेव्हा आई बाटल्या वरखाली करत होती. आता सगळं गमतीची गोष्ट म्हणून सांगावं, असं मी वाटेतच ठरवलं होतं. म्हटलं, आई, मी आज डॉक्टरकडे गेले होते, मला काही झालेलं नाही. तिनं कसला डॉक्टर असं विचारलं नाही. बाटल्या खाली ठेवल्या आणि तिथंच जमिनीवर बसली.

"नक्की?" एवढंच म्हणाली.

मेट्रोत भेटल्या त्याच संध्याकाळी काकू घरी येऊन गेल्या होत्या. मग बोलली का नाहीस, असं मी विचारलं. तुला मला कळू द्यायचं नव्हतं ना, म्हणून, असं ती म्हणाली. बाबांनाही तिनं सांगितलं नव्हतं. मला अजून काही उमगलं नव्हतं. मी बाटल्यांकडे बघितलं आणि विचारलं, मग हे काय?

"आजोबांना उचलायचे तेव्हा मी चाळिशीतली होते," आई म्हणाली. "आता साठीला टेकले. तुला उचलायचं तर ताकद नको?"

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून भोकाड पसरलं. एवढे दिवस मी स्वतःसाठी थेंबभर रडले नव्हते, ते सगळं त्या दिवशी निघालं. आईनं रडू दिलं. मग नाक पूस म्हणाली, माझ्या मागं आली, आजोबांना धरायची तसे माझ्या काखांतून हात घातले, आणि एका दमात मला जमिनीवरून उठवून उभं केलं.

"वजन वाढलंय तुझं," ती म्हणाली, आणि बाटल्या उचलून पुन्हा सुरू झाली.